वॉरंटी संपली म्हणून जबाबदारी संपली?

मोटारीची तीन वर्षांची वॉरंटी संपते आणि त्यानंतरच्या सहाव्या आठवड्यात, कुटुंबासह गावी निघालेल्या मालकाची गाडी खंबाटकी घाट चढताना बंद पडते. आधी टकटक असा आवाज, मग तेलाचा लाल दिवा, मग धूर आणि शेवटी शांतता. गाडी टोचन करून पुण्याला आणली जाते. चार दिवसांनी सर्व्हिस सेंटरमधून दूरध्वनी येतो. इंजिन जाम झाले आहे, नवे बसवावे लागेल आणि खर्च दीड-दोन लाखांच्या घरात जाईल. गाडी जेमतेम एक्केचाळीस हजार किलोमीटर चाललेली, सर्व सर्व्हिसिंग कंपनीच्याच केंद्रात झालेले आणि कर्जाचे हप्ते अजून दोन वर्षे बाकी. मालक विचारतो, 'एवढ्यात इंजिन कसे गेले?' समोरून उत्तर येते, 'साहेब, तुमची वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली.'

हा प्रसंग प्रातिनिधिक आहे. गाडीचे नाव, घाटाचे नाव आणि खर्चाचा आकडा बदलतो, संवाद मात्र बहुतेक वेळा असाच होतो. ग्राहकाचा प्रश्न कारणाविषयीचा असतो आणि त्याला मिळणारे उत्तर तारखेविषयीचे असते. या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत हे मध्यमवर्गीय ग्राहकाच्या लक्षात येत नाही आणि विक्रेता ते लक्षात आणून देत नाही. घर सोडले तर मोटार ही शहरी कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते. तिचे हृदयच तीन वर्षांत बंद पडत असेल, तर ती जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचा विचार कायदा, तंत्रज्ञान आणि व्यवहार अशा तिन्ही अंगांनी व्हायला हवा.

वॉरंटी म्हणजे नेमके काय?

वॉरंटी हे उत्पादकाने स्वतःहून दिलेले वचन आहे. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, सदोष भाग आम्ही विनामूल्य दुरुस्त करू अथवा बदलून देऊ, एवढाच त्याचा अर्थ. ही मुदत कंपनी ठरवते, संसद नव्हे. आपल्याकडे बराच काळ दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर अशी मुदत प्रचलित होती. देशातील सर्वांत मोठ्या मोटार उत्पादकाने जुलै २०२४ मध्ये ती तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर केली. इंजिन तयार करण्याची पद्धत त्या महिन्यात बदलली असे कोणी म्हणणार नाही. बाजारातील स्पर्धा बदलली, म्हणून वचन बदलले.

अमेरिकेत एका कोरियन कंपनीने १९९८ मध्ये इंजिन व गिअरबॉक्सवर दहा वर्षांची किंवा एक लाख मैलांची वॉरंटी जाहीर केली, तेव्हाही कारण व्यापारीच होते. आपल्या गाड्यांच्या दर्जाविषयी तेथील ग्राहकाच्या मनात असलेला संशय तिला दूर करायचा होता. तात्पर्य, वॉरंटीची मुदत म्हणजे यंत्राचे आयुर्मान नव्हे. कंपनीने किती काळ विनामूल्य दुरुस्तीचा खर्च आपल्या हिशेबात धरला आहे, एवढेच तिच्यावरून कळते.

असे असताना वॉरंटीच्या शेवटच्या दिवसाकडे ग्राहकाच्या हक्काचा शेवटचा दिवस म्हणून पाहिले जाते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याच्या संगणकावर 'वॉरंटीबाह्य' असा शेरा येतो आणि पुढचा सर्व व्यवहार त्या एका शेऱ्यावर चालतो.

इंजिन इतक्या लवकर का जाते?

नीट देखभाल झालेले आधुनिक पेट्रोल किंवा डिझेल इंजिन दोन लाख किलोमीटर सहज चालावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही. यंत्रांच्या विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे अभियंते बिघाडांचे तीन काळ मानतात. सुरुवातीच्या काळात उत्पादनातील त्रुटी उघड होतात, मधल्या दीर्घ काळात बिघाड कमी असतात आणि अखेरच्या काळात झीज वाढून बिघाड पुन्हा वाढतात. चाळीस-पन्नास हजार किलोमीटरला जाणारे इंजिन झिजेमुळे गेले, असे म्हणणे त्यामुळे पटत नाही. तेथे दुसरे काहीतरी घडलेले असते.

हे 'दुसरे काहीतरी' दोन प्रकारचे असू शकते. पहिला प्रकार वापरातील चुकांचा. तेल वेळेवर न बदलणे, तेलाची पातळी न पाहणे, तापमानाचा काटा वर गेल्यावरही गाडी दामटणे, पाण्यात गाडी घालणे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. साचलेल्या पाण्यातून गाडी काढण्याचा किंवा बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास काय होते, हे त्यानंतरच्या दिवसांत असंख्य मुंबईकरांना कळले. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी पिस्टनला अडवते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हा दोष उत्पादकाचा नव्हे.

दुसरा प्रकार रचनेतील किंवा उत्पादनातील दोषांचा. क्रँकशाफ्टचे यंत्रण करताना धातूचे बारीक कण तेलाच्या मार्गांत राहून जातात. ते बेअरिंगपर्यंत पोहोचतात, तेलाचा पुरवठा अडतो आणि काही हजार किलोमीटरनंतर बेअरिंग जळते. तेलाच्या पंपातील त्रुटी, पिस्टनच्या रिंगांची सदोष रचना, हेड गॅस्केटमधून शीतकाची गळती, तेलात बुडून फिरणाऱ्या टायमिंग बेल्टचे कण सुटून तेलाची जाळी तुंबणे, हे सारे प्रकार जगभरात नोंदले गेले आहेत. या दोषांचे वैशिष्ट्य असे, की ते विक्रीच्या दिवशीच गाडीत असतात, पण दिसतात मात्र दोन-चार वर्षांनी. दोषाचा जन्म वॉरंटीच्या आत आणि प्रकटीकरण वॉरंटीच्या बाहेर, हाच या वादाचा गाभा आहे.

अडचण अशी, की दोन्ही प्रकारांत अंतिम दृश्य सारखेच दिसते. जळलेले बेअरिंग तेल न बदलल्यामुळे जळले की धातूच्या कणांमुळे, हे इंजिन उघडून, तेलाचा नमुना तपासून आणि भागांची पाहणी करूनच सांगता येते. आणि इंजिन उघडणारा बहुधा कंपनीचाच अधिकृत विक्रेता असतो.

कायदा काय म्हणतो?

वॉरंटी पुस्तिकेच्या बाहेरही कायदा आहे, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १६ नुसार काही व्यवहारांत माल विक्रीयोग्य दर्जाचा आणि हेतूला साजेसा असेल, ही अट गृहीत धरली जाते. त्याच कलमाची चौथी पोटकलम सांगते, की विक्रेत्याने दिलेली स्पष्ट हमी ही कायद्याने गृहीत धरलेल्या हमीला रद्द करत नाही, जोवर दोन्ही परस्परविसंगत नाहीत. म्हणजे तीन वर्षांची लेखी वॉरंटी दिली, एवढ्यानेच माल मुळात चांगला असण्याचे बंधन संपत नाही. मात्र याच कायद्याचे कलम ६२ पक्षांना करार करून अशी गृहीत बंधने वगळण्याची मुभा देते. वॉरंटी पुस्तिकेत बारीक अक्षरांत 'या हमीखेरीज अन्य कोणतीही हमी कंपनी देत नाही' असे वाक्य असते, त्याचे मूळ येथे आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील 'दोष' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. कायद्याने, स्पष्ट वा गृहीत कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्यानुसार राखणे आवश्यक असलेल्या दर्जात कोणतीही उणीव असणे म्हणजे दोष. या व्याख्येत वॉरंटीच्या मुदतीचा उल्लेखही नाही. शिवाय ग्राहकाच्या हक्कांत मोठा बदल घडवून आणणाऱ्या एकतर्फी करारांना 'अन्याय्य करार' म्हणून राज्य व राष्ट्रीय आयोगापुढे आव्हान देण्याची सोय या कायद्याने नव्याने केली. बारीक अक्षरांतील वाक्य म्हणजे ब्रह्मवाक्य, असे मानण्याचे कारण आता उरलेले नाही.

याच कायद्यातील एका गैरसमजाकडे मात्र लक्ष वेधले पाहिजे. या कायद्याने 'उत्पादन दायित्व' हे नवे प्रकरण आणले आणि उत्पादनातील व रचनेतील दोषासाठी उत्पादकाला जबाबदार धरले. त्यामुळे बंद पडलेल्या इंजिनाचा खर्च याच प्रकरणाखाली वसूल होईल, अशी अनेकांची समजूत झाली. प्रत्यक्षात या प्रकरणापुरती 'हानी'ची जी व्याख्या केली आहे, तीतून खुद्द त्या वस्तूचे झालेले नुकसान वगळले आहे. इंजिन पेटून वाहनतळावरील दुसरी गाडी जळाली किंवा कोणी जखमी झाले, तर हे प्रकरण लागू पडेल. केवळ इंजिनच गेले, तर ग्राहकाने 'सदोष माल' आणि 'सेवेतील त्रुटी' या जुन्या, परिचित वाटेनेच जायला हवे. तक्रार चुकीच्या कलमाखाली लिहिली गेली, की उत्तरात कंपनीचा वकील पहिला आक्षेप तोच घेणार.

पुराव्याचे ओझे कोणावर?

कायद्याचे शब्द ग्राहकाच्या बाजूचे असले तरी निकाल पुराव्यावर ठरतो. मोटार सदोष आहे असे म्हणणाऱ्याने ते तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावे, अशी ग्राहक आयोगांची सर्वसाधारण भूमिका राहिली आहे. दोष उघड नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवून अहवाल मागवण्याची तरतूद जुन्या कायद्यात होती आणि नव्या कायद्याच्या कलम ३८ मध्येही आहे. तिचा आग्रह मात्र ग्राहकालाच धरावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या संदर्भात पाहण्याजोगे आहेत. जम्मू-काश्मीरमधील एका ग्राहकाच्या प्रकरणात २००६ मध्ये न्यायालयाने असे म्हटले, की वॉरंटीची अट सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती वा बदलण्यापुरती असेल, तर तिच्या आधारे संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. त्यामुळे 'नवी गाडीच द्या' या मागणीवर अडून बसणाऱ्या तक्रारी पुढे अनेकदा अडखळल्या. दुसरीकडे २०१० मध्ये, इंजिन बदलूनही आवाजाची तक्रार कायम राहिलेल्या एका गाडीच्या प्रकरणात न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून तपासणी करण्यास सांगितले आणि उत्पादनातील दोष आढळल्यास ग्राहक किंमत परत मिळण्यास पात्र ठरेल, असा आदेश दिला. दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर वाट स्पष्ट दिसते. मागणी प्रमाणात असावी आणि तिच्यामागे स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल असावा.

तक्रार कोणाविरुद्ध करायची, हाही प्रश्न दुय्यम नाही. विक्रेता म्हणतो निर्णय कंपनीचा, कंपनी म्हणते विक्रेता स्वतंत्र व्यावसायिक आहे. गोव्यातील एका ग्राहकाला विक्रेत्याने आधीच वापरलेली गाडी नवी म्हणून विकल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादकाला जबाबदारीतून मुक्त केले. दोघांतील करार स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता आणि विक्रेत्याच्या कृत्याची उत्पादकाला माहिती असल्याचे सिद्ध झाले नव्हते, हे त्याचे कारण. म्हणून इंजिनाच्या दोषासाठी उत्पादक आणि दुरुस्तीतील हयगयीसाठी विक्रेता, असे दोघांनाही पक्षकार करून प्रत्येकावरील आरोप वेगळा लिहिणे शहाणपणाचे ठरते.

विमा असेलच की, असे अनेकांना वाटते. परंतु मोटारीची सर्वसाधारण विमा पॉलिसी अपघात, आग, चोरी, पूर अशा बाह्य कारणांसाठी असते. यांत्रिक बिघाड आणि झीज तीतून स्पष्टपणे वगळलेले असतात. जादा हप्ता भरून घेतले जाणारे इंजिन संरक्षणाचे कवच मुख्यतः पाणी शिरून किंवा खालून आघात होऊन तेल गळाल्यामुळे झालेल्या नुकसानीसाठी असते. उत्पादनातील दोष तेथेही बसत नाही.

परदेशात काय घडते?

ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात मालाच्या समाधानकारक दर्जाचा विचार करताना टिकाऊपणा हा घटक स्पष्टपणे धरला आहे. खरेदीपासून सहा महिन्यांत दोष दिसला तर तो आधीपासूनच होता असे गृहीत धरले जाते आणि इंग्लंडमध्ये सहा वर्षांपर्यंत दावा करता येतो. युरोपीय संघात उत्पादकाच्या वॉरंटीशिवाय किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पहिल्या वर्षी पुराव्याचे ओझे विक्रेत्यावर असते. ऑस्ट्रेलियात वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे ही कायद्याची हमी कंपनीच्या वॉरंटीहून स्वतंत्र मानली जाते.

अमेरिकेचा अनुभव अधिक बोलका आहे. एका जपानी कंपनीच्या १९९७ ते २००२ या काळातील काही इंजिनांत तेल घट्ट होऊन चिखलासारखे साचण्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मालकांनी तेल वेळेवर बदलले नसावे, असा पवित्रा प्रथम घेतला गेला. तक्रारी वाढत गेल्यावर २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३३ लाख वाहनांसाठी, पहिल्या विक्रीपासून आठ वर्षांपर्यंत, विशेष संरक्षण जाहीर केले. पुढे एका कोरियन उद्योगसमूहाच्या २ आणि २.४ लिटर इंजिनांत बेअरिंग निकामी होण्याचे प्रकार घडले. २०१५ आणि २०१७ मध्ये गाड्या परत बोलवाव्या लागल्या. सामूहिक दाव्यांच्या तडजोडीत इंजिनाच्या मुख्य भागावर आजीवन वॉरंटी द्यावी लागली. गाड्या वेळेवर परत न बोलावल्याबद्दल नोव्हेंबर २०२० मध्ये दंड आणि सुधारणांवरील सक्तीचा खर्च मिळून २१ कोटी डॉलरचा भार या समूहातील दोन कंपन्यांवर पडला. माहिती उघड करणाऱ्या अभियंत्याला पुढच्या वर्षी २.४ कोटी डॉलरहून अधिक बक्षीस मिळाले. युरोपातही २०२४ मध्ये एका मोठ्या समूहाने तेलातील बेल्टच्या तक्रारींमुळे आपल्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनांचे संरक्षण दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवले.

या उदाहरणांवरून एक गोष्ट दिसते. वॉरंटीची तारीख ही अपरिवर्तनीय नाही. तक्रारी एकत्र आल्या, नियामकाने लक्ष घातले आणि न्यायालयात एकत्रित दावे उभे राहिले, की तीच कंपनी वॉरंटीनंतर आठ-दहा वर्षांपर्यंत जबाबदारी स्वीकारते. एकट्यादुकट्या ग्राहकाला ती जी गोष्ट अशक्य म्हणून सांगते, ती हजारोंच्या बाबतीत शक्य होते.

आपल्याकडील अपुरी व्यवस्था

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही असे नाही. मोटार वाहन सुधारणा कायदा, २०१९ ने कलम ११० अ आणून सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सात वर्षांहून कमी वयाची वाहने त्यांच्या कक्षेत येतात आणि विक्रीच्या प्रमाणात ठराविक संख्येने तक्रारी आल्यावर चौकशीची प्रक्रिया सुरू होते. वॉरंटी तीन वर्षांची आणि सुरक्षिततेच्या दोषाची कक्षा सात वर्षांची, हा फरक महत्त्वाचा आहे. द्रुतगती मार्गावर ताशी शंभर किलोमीटर वेगात असताना इंजिन अचानक जाम होणे हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही, तो सुरक्षिततेचाही आहे. पण बहुतेक मालक सर्व्हिस सेंटरशी भांडून थकतात आणि सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवत नाहीत. नोंद नाही म्हणून संख्या नाही आणि संख्या नाही म्हणून चौकशी नाही.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुट्या भागांच्या प्रकरणात १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. परंतु त्यातील एक मुद्दा प्रत्येक मोटारमालकाने लक्षात ठेवावा असा आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, त्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले होते. बाहेर वायपर बदलला म्हणून इंजिनाचा दावा फेटाळणे या तत्त्वात बसत नाही.

इंधनाचा मुद्दाही आता या वादात आला आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर मिळू लागल्यापासून जुन्या गाड्यांच्या मालकांच्या मनात शंका आहेत. बिघाडाचे खापर इंधनावर फोडले गेले, तर ग्राहकाने आपल्या गाडीची पुस्तिका त्या इंधनाबाबत काय सांगते ते दाखवावे आणि इंधनाच्या तपासणीचा लेखी अहवाल मागावा. तोंडी निदान हा पुरावा नव्हे.

मालकाने काय करावे?

वॉरंटी संपण्याच्या महिनाभर आधी गाडी एकदा बारकाईने तपासून घ्यावी. तेल पूर्वीपेक्षा जास्त लागत असेल, सकाळी सुरू करताना आवाज येत असेल, शीतक कमी होत असेल, तर ती तक्रार जॉब कार्डवर लिहूनच घ्यावी. 'सगळ्याच गाड्यांना असा आवाज येतो' या उत्तरावर समाधान मानू नये. वॉरंटीच्या काळात नोंदलेली तक्रार हा नंतरच्या दाव्यातील सर्वांत भक्कम पुरावा असतो, कारण दोष मुदतीतच सुरू झाला होता हे तीवरून दिसते. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल, तर इंजिनाचे कोणते भाग तीत धरले आहेत आणि कोणत्या अटींवर ती नाकारली जाते, हे पैसे भरण्यापूर्वी वाचावे.

इंजिन गेल्यावर पहिली खबरदारी घ्यायची ती घाई न करण्याची. गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिन उघडण्यापूर्वी किलोमीटरचा आकडा, तेलाची पातळी आणि गळतीच्या जागा यांची छायाचित्रे घ्यावीत. उघडताना आपण किंवा आपला तज्ज्ञ हजर राहील, असे लेखी कळवावे. तेलाचा नमुना बंद बाटलीत जपावा आणि काढलेले भाग आपल्या ताब्यात मागावेत. भंगारात गेलेल्या बेअरिंगबरोबर पुरावाही जातो. स्वतंत्र मत देऊ शकणारा अनुभवी सर्वेक्षक अथवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील यंत्र अभियांत्रिकीचा प्राध्यापक शोधावा.

त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक अशा दोघांना लेखी पत्र द्यावे. सर्व्हिसिंगच्या नोंदी जोडाव्यात आणि कारणमीमांसेचा लेखी अहवाल मागावा. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि नोंदी पूर्ण असतील, तर कंपन्या सदिच्छा म्हणून भागांचा काही खर्च उचलतात. हा कंपनीचा स्वेच्छेचा निर्णय असतो आणि तो मागितल्याखेरीज मिळत नाही. देऊ केलेली रक्कम स्वीकारताना 'आता कोणतीही तक्रार उरली नाही' अशा कागदावर विचार न करता सही करू नये. गाडीची निकड असेल आणि दुरुस्तीचे पैसे भरावेच लागले, तर 'हक्क राखून व निषेधासह' असे लिहून भरावेत.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. बऱ्याच कंपन्या त्या टप्प्यावर बोलणी करतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिलेल्या मालाच्या तक्रारी तेथे चालतात. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही आणि पाच ते दहा लाखांच्या गाडीसाठी ते केवळ दोनशे रुपये आहे. आता ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो तेथील आयोगातही तक्रार करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे पत्रव्यवहारात ती निघून जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. गाडी संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी कंपनीच्या नावे घेतली असेल, तरी तेवढ्याने ती व्यापारी हेतूची ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

बदल कोठे हवा?

कायद्याने तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत आणि तपासणी आवश्यक असेल तर पाच महिन्यांत लावावा, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. तोवर गाडी विक्रेत्याच्या आवारात धूळ खात उभी असते आणि हप्ते चालू असतात. म्हणूनच अनेकजण कर्ज काढून इंजिन बदलून घेतात आणि विषय सोडून देतात. कंपनीच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचे काय असणार?

यावर उपाय अवघड नाहीत. 'वाजवी टिकाऊपणा' ही संकल्पना ग्राहक कायद्यात स्पष्ट शब्दांत आणता येईल. इंजिन व गिअरबॉक्ससारखा मुख्य भाग ठराविक वर्षांच्या आणि किलोमीटरच्या आत निकामी झाला आणि देखभालीच्या नोंदी पूर्ण असल्या, तर दोष नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकता येईल. इंजिनाचा इतिहास, तेलाच्या नोंदी, नियंत्रण संगणकातील माहिती हे सारे कंपनीच्याच हाती असते. ज्याच्या हाती माहिती, त्याच्यावर खुलाशाचे ओझे, हे तत्त्व न्यायाला धरून आहे. तपासणीची साधने महाराष्ट्रातच उपलब्ध आहेत. वाहन चाचणीसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था पुण्यात आहेत, व्हीआरडीई अहिल्यानगरला आहे. ग्राहक आयोगांसाठी अशा संस्थांमार्फत ठराविक शुल्कात व ठराविक मुदतीत इंजिन तपासून देण्याची सोय झाली, तर अर्धे वाद तेथेच मिटतील.

मुंबई ग्राहक पंचायतीचे काम १९७५ मध्ये सुरू झाले, तेव्हा प्रश्न वाजवी दरात चांगल्या वाणसामानाचा होता. आता त्याच घरांतून मोटारी उभ्या आहेत, परंतु पावती जपण्याची, लेखी मागण्याची आणि एकत्र येण्याची जी सवय त्या चळवळीने लावली, तिची गरज कमी झालेली नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षीच्या पाच गाड्यांची इंजिने सारख्याच कारणाने गेल्याचे पाच मालकांनी एकत्र दाखवले, तर 'तुमच्याच गाडीला असे झाले' हे उत्तर देणे कठीण होते.

घाटात बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला वॉरंटीची तारीख ठाऊक असते. ती सांगणाऱ्याला त्याने शांतपणे एवढेच विचारावे, 'तारीख मला माहीत आहे. इंजिन कशामुळे गेले, ते मला लिहून द्या.' त्या लेखी उत्तरापासूनच त्याच्या हक्काची लढाई सुरू होते.